अर्ज कोणाच्या नावाने टाकायचा: गृहमंत्री की तालुक्याचं कोर्ट?

तहसीलच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे. तालुक्याचं नाव घेतलं तर उद्या कोणीतरी दुकानात येऊन बसेल. आठवड्यातून दोनतीन माणसं तरी एकाच कामासाठी येतात. ठाण्यात कोणी ऐकलं नाही, आता 'वर' अर्ज टाकायचा आहे. वर म्हणजे कुठे, असं मी विचारतो. उत्तर ठरलेलं असतं.

"गृहमंत्र्याले टाका ना भाऊ. त्याच्यावर कोन हाय?"

मी टाइप करून देतो, माझा धंदाच आहे. पण पैसे घेताना मनात थोडी खुटखुट राहते, कारण मी स्वतः दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. एकदा मुंबईला गृहमंत्र्यांच्या नावाने, एकदा इथेच, दुकानापासून दोनशे पावलांवर असलेल्या कोर्टात. दोन्हींचा अनुभव खाली मांडतो. एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याची नोंद, पोलीस तपास करतात) आणि एनसी (अदखलपात्र नोंद, कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास नाही) यांतला फरक तुम्हाला माहीत आहे, ठाण्यात एकदा तरी जाऊन आला आहात, असं धरून चालतो. वकील मी नाही. एका माणसाच्या दोन प्रकरणांवरून सगळ्या जगाचा हिशेब लागत नाही, हेही कबूल.

पहिलं प्रकरण २०१८ च्या उन्हाळ्यातलं. विहिरीवरची केबल गेली. स्टार्टरपासून मोटारीपर्यंतची, तांब्याची. सोबत स्टार्टरही. मिळून अकरा-बारा हजारांचा फटका. आमच्याकडे केबलचोरी म्हणजे पावसाळ्यातल्या तापासारखी, एका शिवारात आली की दहा विहिरी घेऊनच जाते. ठाण्यात गेलो तर बीट जमादार, म्हणजे आमच्या भागाचा हवालदार, म्हणाला, "साधा अर्ज देऊन जा, चौकशी करतो." दिला. ओसीवर, म्हणजे माझ्याकडच्या प्रतीवर, शिक्का मारून घेतला. पुढे महिनाभर काही नाही. ठाणेदारांना भेटलो, ते म्हणाले, संशयिताचं नाव सांगा. नाव माहीत असतं तर मीच त्याच्याकडे गेलो नसतो का?

तेव्हा मी इतरांना जे टाइप करून देतो तेच स्वतःसाठी केलं. 'मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०००३२.' रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. सव्वा महिन्याने मंत्रालयाचं पत्र आलं. त्या दिवशी घरात सण होता म्हणायला हरकत नाही. पत्रात एकच वाक्य होतं: आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव पोलीस महासंचालक कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. चार लोकांना दाखवलं. बायकोने ते देवघरातल्या पोथीत ठेवलं.

मग अमरावतीच्या परिक्षेत्र कार्यालयाची प्रत आली. मग अधीक्षक कार्यालयाची. 'योग्य त्या कार्यवाहीस्तव', 'प्रत माहितीसाठी'. प्रत्येक पत्रात कागद एक पायरी खाली उतरत होता, आणि मला मात्र वाटत होतं की प्रकरण चढतंय. चौथ्या महिन्यात ठाण्यातून फोन आला. जबाब द्यायला या.

फोन त्याच जमादाराचा होता.

टेबलावर माझा अर्ज होता. माझ्याच दुकानातल्या प्रिंटरचा. डाव्या कडेला शाईची ती बारीक रेघ मी ओळखली, तेव्हा ड्रम बदलायला झाला होता. पण कागद आता एकटा नव्हता. सोबत पाच कार्यालयांची पाच पत्रं टाचलेली, गोल शिक्के, आवक-जावक क्रमांक, कुठे लाल तर कुठे निळ्या पेन्सिलीची टिकमार्क. जमादाराने तो गठ्ठा हातावर तोलला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "पा बरं भाऊ, मुंबईले जाऊन आला ना तुमचा कागद. तुमी तरी गेले होते का कधी मंत्रालयात?"

त्याने जबाब लिहिला. कोणावर संशय आहे का? नाही. आणखी काही सांगायचं आहे का? सांगितलं, ते त्याने लिहिलं नाही. शेवटच्या ओळीत 'माझे समाधान झाले आहे' असं लिहून कागद माझ्यासमोर सरकवला. दुपारचे तीन वाजले होते, आमच्या गावाची एसटी साडेतीनची. मी सही केली. आज कोणी विचारलं तर का केली हे सांगता येत नाही. पुढे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारलं, तेव्हा शेरा कळला: अर्जदाराने समाधान व्यक्त केल्याने अर्ज दप्तरी दाखल. म्हणजे प्रकरण बंद.

माझा निकाल खरं तर इथेच लागला. केबल मिळाली नाही, याचं फारसं काही नाही. केबल कोणाचीच मिळत नाही. खुपलं ते हे, की ज्या टेबलाविरुद्ध मी मुंबईपर्यंत गेलो, त्याच टेबलावर कागद परत आला, आणि 'समाधान' माझ्याच सहीने झालं. यात मंत्र्यांनी काही वाईट केलं असं नाही. त्यांच्यापर्यंत तो कागद पोहोचलाही नसेल. राज्यभरातून असे गठ्ठे रोज येत असणार, आणि टपाल शाखेतल्या माणसाने तरी दुसरं काय करायचं? चौकशी शेवटी करणार कोण, तर ठाणं. म्हणून कागद ठाण्यातच येतो. 'आपले सरकार' पोर्टलवर टाका, मुख्यमंत्र्यांना टाका, हिवाळी अधिवेशनात नागपूरला जाऊन हातोहात द्या. उताराचं पाणी एकाच नाल्याला मिळतं.

मग लोकांच्या मनात गृहमंत्री एवढा का बसला आहे? हे शोधायला मी त्या पदाच्या इतिहासात थोडा शिरलो. झेरॉक्सवाल्याला पुस्तकं फुकटात चाळायला मिळतात, हा या धंद्याचा एक फायदा.

वऱ्हाडाची गोष्ट पहिल्यापासून जरा वेगळी. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलो, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेलो. तेव्हा निवडून आलेला मंत्री नावाची वस्तूच नव्हती. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत मंत्री आले, पण त्यांच्या हाती शिक्षण, आरोग्य, शेती अशी खाती. पोलीस आणि न्याय ही 'राखीव' खाती, ती गव्हर्नरने आपल्या कार्यकारी मंडळातल्या सदस्यांकडेच ठेवली. शाळा तुम्ही चालवा, दंडुका आमच्याकडे राहू द्या, असा तो कारभार. १९३७ मध्ये ती राखीव रेघ पुसली गेली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाच्या हाती पोलीस आणि न्याय आले.

आणि लगेच पुढच्याच वर्षी हात भाजले. न्यायखात्याचे मंत्री मोहम्मद युसूफ शरीफ यांनी बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका कैद्याला मुदतीआधी सोडलं. त्यावरून एवढं वादळ उठलं की प्रकरण काँग्रेसच्या कार्यकारिणीपर्यंत गेलं, चौकशी निवृत्त न्यायमूर्ती मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे सोपवली गेली आणि १९३८ मध्ये शरीफांना राजीनामा द्यावा लागला. आमच्याच प्रांतातली ही गोष्ट, पण इथे फार कोणाला ठाऊक नाही. मला ती महत्त्वाची वाटते. न्यायखातं आणि तुरुंगाची किल्ली एकाच माणसाच्या हाती असली की काय होऊ शकतं, हे निवडून आलेल्या सरकारच्या पहिल्याच वर्षात दिसलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूरला रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात द्वारकाप्रसाद मिश्र गृहमंत्री होते, १९५१ पर्यंत. तिकडे मुंबई प्रांतात त्याच काळात मोरारजी देसाई गृहमंत्री आणि तरुण यशवंतराव चव्हाण त्यांचे संसदीय सचिव. हेच यशवंतराव पुढे १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये देशाचे गृहमंत्री झाले. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, तेव्हापासून आपला गृहमंत्री नागपूरहून उठून मुंबईला बसायला लागला. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या थंडीत, परत येतो. तेवढ्यापुरती सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर निवेदनवाल्यांची रांग लागते.

पण खरी गंमत मंत्र्यांपेक्षा खालच्या पायरीवर आहे. माझ्या आज्याच्या तोंडी मंत्री कधीच नसायचा, असायचे 'तहसीलदारसाहेब'. कारण त्याच्या तरुणपणी महसूल गोळा करणारा साहेबच मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटला चालवायचा. शेतसारा थकला तरी त्यांच्यासमोर, डोकं फुटलं तरी त्यांच्यासमोर. जुन्या मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याने न्याय आणि कारभार वेगळे करायला घेतले, आपल्याकडे ते सामील झाल्यावर, नंतर आलं. मग १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि खटले चालवणारे न्यायदंडाधिकारी सगळीकडे उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेले. राज्यघटनेचं कलम २३५ तेच सांगतं. म्हणजे आमच्या तालुक्याच्या कोर्टातले साहेब ना गृहमंत्र्यांचे नोकर, ना न्यायमंत्र्यांचे. त्यांची बदली-बढती मुंबईच्या उच्च न्यायालयाकडून होते.

लोकांच्या डोक्यात मात्र अजून तहसीलदारसाहेबच आहेत. साहेबावर साहेब, त्याच्यावर साहेब, आणि सगळ्यांत वर मंत्री. न्याय मागायचा तर सगळ्यांत वरच्याकडे. यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. जगात कुठे कुठे खरंच एकच मंत्री दोन्ही सांभाळतो. सुरिनाममध्ये आजही 'न्याय आणि पोलीस' असं एकच खातं आहे, नॉर्वेतही २०११ संपेपर्यंत त्याच नावाचं होतं. उलट ब्रिटनने २००७ मध्ये तुरुंग गृहखात्यातून काढून वेगळ्या न्याय मंत्रालयाकडे दिले. आपल्याकडे दोन दुकानं वेगळी आहेत, फक्त पाट्या नीट वाचता येत नाहीत.

गृहमंत्रिपदाचं वजन आपल्या राज्यात किती, हे त्या खुर्चीत कोण बसलं यावरूनच कळतं. १९९५ मध्ये गोपीनाथ मुंडे, १९९९ मध्ये छगन भुजबळ, २००४ मध्ये आर. आर. पाटील: तिघेही उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री एकदमच. देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्री असतानाही गृह स्वतःकडे ठेवलं आणि उपमुख्यमंत्री असतानाही. मधे काटोलचे अनिल देशमुख होते. म्हणजे गेल्या दहाबारा वर्षांतला मोठा काळ हे खातं नागपूर जिल्ह्यातल्या माणसाकडेच आहे. त्यामुळे "आपलाच माणूस हाय ना जी" हे दुकानात फार ऐकू येतं. खुर्ची तशी निसरडीही आहे: मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये आर. आर. पाटलांचा राजीनामा, एप्रिल २०२१ मध्ये देशमुखांचा.

आर. आर. आबांचं नाव निघालं की आमच्याकडचे म्हातारे अजून हळवे होतात. गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी मागून घेतलं, हे लोक विसरले नाहीत. आणि त्यांचीच तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्ट २००७ ची. तंटा ठाण्यात जाण्याआधी गावातच मिटवायचा. खुद्द गृहमंत्रीच लोकांना सांगत होता की ठाण्यात जाऊ नका. मला तो प्रकार तेव्हाही आवडला होता, आताही आवडतो. आमच्या गावात समिती दोन वर्षं जोरात चालली. धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, चारपाच वाद खरंच मिटले. मग बक्षीस मिळालं, त्या पैशाचं काय करायचं यावर तंटा झाला. आज अध्यक्षाच्या घरावर पाटी आहे, ऑइलपेंट उडालेली.

न्यायमंत्र्याला, म्हणजे विधी व न्याय खात्याच्या मंत्र्याला अर्ज टाकणं हा तिसरा पर्याय काही हुशार गिऱ्हाईकं सुचवतात. तो थोडक्यात आटपतो. ते खातं कायद्यांचे मसुदे पाहतं, जिल्हा सरकारी वकील नेमतं, कोर्टाच्या इमारती आणि पदांचा खर्च पाहतं, धर्मादाय आयुक्त तिथे येतात. तुमच्या चोरीशी त्याचा संबंध नाही. दोन गिऱ्हाईकांना उत्तर आलेलं मी पाहिलं आहे: सदर बाब गृह विभागाशी संबंधित आहे. सरकारी वकिलांतही वाटणी आहे, हे कोर्टात गेल्यावरच कळलं. मॅजिस्ट्रेटसमोर सरकारची बाजू मांडणारे सहायक अभियोक्ते अभियोग संचालनालयाचे, आणि ते संचालनालय गृहाचं; जिल्ह्याला उभे राहणारे सरकारी वकील विधी व न्यायचे.

आता दुसरं प्रकरण. डिसेंबर २०२४, तूर शेंगांनी लगडलेली. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी जुनी कुरकुर होती. त्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर माझ्या तुरीच्या चार ओळींतून गेला, मी आडवा झालो, आणि बोलाचालीत त्याच्या मुलाने विळा फिरवला. डाव्या हाताला मनगटाच्या वर तीन टाके. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर धारदार हत्याराने झालेली जखम असं स्पष्ट लिहिलेलं. ठाण्यात मात्र एनसी. "शेजारीपाजारी हाय, किरकोळ हाय, कायले वाढवता?" एनसीची पावती हातात दिली. त्या पावतीवरच खाली छापलं होतं की कोर्टात दाद मागावी. इतकी वर्षं शेकडो पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या, ती ओळ मी कधी वाचली नव्हती.

या वेळी मुंबईचा लिफाफा घेतला नाही. जुन्या संहितेतली वाट आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली वाट समोरासमोर ठेवून वाचली. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवायचं: आधी कलम १५४(३), आता १७३(४). तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज: आधी १५६(३), आता १७५(३). ठाणेदार, अधीक्षक, दंडाधिकारी. तीनच पायऱ्या. या शिडीला मंत्र्याची पायरीच नाही. वीस वर्षं मी लोकांना जो अर्ज टाइप करून देत होतो, त्याला या कायद्यात जागाच नव्हती! तो विनंतीचा कागद होता, दाद मागण्याचा नव्हे. मंत्र्याने त्यावर काही केलं नाही तर तुम्ही कुठे जाऊन विचारणार?

अधीक्षकांना रजिस्टर पोस्ट केलं, पोचपावती जपून ठेवली. ती पोचपावतीच पुढे कामाची. ती नसेल तर कोर्ट पहिल्याच दिवशी विचारतं, आधी वर कळवलं का? पंधरावीस दिवस वाट पाहिली. मग कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत गेलो. समितीचे अध्यक्ष तिथलेच वरिष्ठ न्यायाधीश असतात. बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावर. मी दाखल्यात बसलो. वकील तरुण होता, चार महिन्यांपूर्वी सनद घेतलेला, फाइल उघडण्याआधी दरवेळी खिशातल्या रुमालाने टेबल पुसायचा. त्याने शपथपत्र नीट केलं. विळा हे कापायचं हत्यार आहे, त्याने झालेली जखम अदखलपात्र होत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता.

पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला अर्धा दिवस बाकावर बसून राहिलो, पुकारा झाला तेव्हा मी चहाला गेलेलो. वकिलाने सांभाळून घेतलं. तिसऱ्या तारखेला साहेबांनी दाखला वाचला, दोन प्रश्न विचारले आणि ठाण्याकडून म्हणणं मागवलं. नव्या संहितेत तसं मागवावंच लागतं. म्हणणं द्यायच्या तारखेच्या तीन दिवस आधी ठाण्यातून फोन आला. आवाज ओळखीचा होता, स्वर मात्र नवीन.

"भाऊ, या ना जरा. गुन्हा दाखल करून टाकू. कोर्टात कायले गेले तुमी, मले सांगायचं ना."

गुन्हा दाखल झाला. दोषारोपपत्र गेलं, खटला चालू आहे, तारखा पडताहेत. निकाल काय लागेल ते लागेल. पण जबाब घेताना या वेळी कोणी 'समाधान' लिहिलं नाही.

दोन्ही बाजूला ठेवतो. पैशांत फरक थोडा. मंत्र्यांना अर्ज: टायपिंग आणि पोस्ट, शंभर रुपयांच्या आत. कोर्ट: शपथपत्र, झेरॉक्स, सहा-सात फेऱ्या एसटीच्या आणि तेवढेच दिवस मजुरीचे गेलेले. शेतकऱ्याला ते दिवस महाग पडतात, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तर फारच. वेळेत मात्र माझ्या बाबतीत कोर्टच पुढे निघालं. मंत्रालयाच्या वाटेने जबाबापर्यंत यायला चार महिने, कोर्टाच्या वाटेने गुन्हा नोंदायला, अधीक्षकांचे दिवस धरून, अडीच. तुमच्याकडे उलटही होऊ शकतं. मॅजिस्ट्रेटची जागा रिकामी असली किंवा एकच साहेब दोन तालुके सांभाळत असले, तर तारीख कुठल्या कुठे जाते.

मनःशांतीच्या हिशेबात मंत्र्यांचा अर्ज बरा. लिफाफा टाकला की माणूस हलका होतो, पत्र आलं की चार दिवस मान ताठ राहते. कोर्टात पहिल्या दिवशीच पोटात गोळा येतो. आमच्याकडे अजून "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं म्हणतात, आणि दिवाणी दाव्यात तीन पिढ्या गेलेली घरं पाहिली की ते खोटंही वाटत नाही. पण ती म्हण दिवाणीची. इथे आपण मागतो ते एवढंच, की ठाण्याने काम करावं. जमिनीचा निवाडा नाही.

अन् एक गोष्ट मला फार मोठी वाटते. कोर्टाला 'नाही' म्हणायचं असलं तरी ते कागदावर, कारण देऊन म्हणावं लागतं, आणि त्या कागदावर जिल्ह्याला जाता येतं. मंत्रालयाच्या पत्रात 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, 'योग्य ती कार्यवाही' असते.

गृहमंत्र्यांचा अर्ज वायाच जातो, असं मात्र म्हणणार नाही. तक्रार एका घटनेची नसून कारभाराची असेल, तर तीच जागा बरोबर. पोलीस पाटलाचं पद चार वर्षं रिकामं आहे, यात्रेला बंदोबस्त हवा, चौकी बंद पडली, दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीत राजरोस दारू येते आहे: हे कोर्ट करणार नाही. तुरुंगातल्या माणसाच्या शिक्षेत सूट मागायची तर तेही आज गृहखातंच. असा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह, आमदारांच्या पत्रासह आणि अधिवेशन तोंडावर असताना गेला, तर हलतो. आमच्या शेजारच्या गावाने चौकी तशीच परत मिळवली. एकट्यादुकट्याच्या केबलसाठी मात्र ती तोफ फार मोठी आहे, आणि गोळा परत आपल्याच अंगणात पडतो.

केबलवाल्यांसाठी आणखी एक. नव्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्यात, चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र धरला आहे. म्हणजे ठाणं एनसीच देणार, आणि या वेळी ते बरोबरच असेल. तपास हवा तर मॅजिस्ट्रेटचाच हुकूम लागेल. म्हणून केबल, स्टार्टर, मोटार यांची पक्की बिलं जपून ठेवा. बिल नाही म्हणून बारा हजारांची केबल साडेचार हजारांची झालेली मी या वर्षी दोनदा पाहिली.

परवा एक म्हातारे काकाजी आले होते, वणी रोडवरच्या गावचे. बकऱ्या चोरीला गेल्या, सहा. ठाण्याने साधा अर्ज घेतला. त्यांनाही गृहमंत्रीच हवे होते. मी माझी सगळी कथा सांगितली, शिडी सांगितली, कलमं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला.

"तू म्हनते ते बरोबर असन बाबू. पन माह्या मनाचं समाधान नाही होत ना मंत्र्याले टाकल्याशिवाय."

टाइप करून दिला. 'मा. गृहमंत्री' ठळक अक्षरात. मग तोच मजकूर 'मा. पोलीस अधीक्षक' करून, कलम १७३(४) टाकून दुसरा काढला आणि त्यांच्याच हाताने दुसरा लिफाफा चिकटवून घेतला. दुसऱ्याचे पैसे घेतले नाहीत. पोस्टाच्या दोन पावत्या त्यांनी निरखून पाहिल्या, आणि मुंबईची तेवढी आतल्या खिशात ठेवली.